उंचीचं दुखणं डोळ्यात दिसलं

मूल वयाच्या मानाने लहान दिसू लागलं की आपल्या घरांत त्याची कारणं तयारच असतात. "मामावर गेली", "नजर लागली", "शहाणी झाली की झपाट्याने वाढेल". माझ्या धाकट्या लेकीबद्दलही हेच बोललं जायचं. तिसरीत असूनही ती पहिलीतली वाटे. वर्षभरात तिची उंची जेमतेम 3 सेंटिमीटर वाढली होती. या वयात 5 ते 6 सेंटिमीटर वाढायला हवी. शिवाय डावा डोळा तान्हेपणापासून थोडा तिरळा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तो संबंध जोडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी. बाहुली मोठी करणारे थेंब घालून त्यांनी डोळ्याचा पडदा तपासला आणि म्हणाल्या, "ताई, या डोळ्याची नस जन्मापासूनच बारीक आहे. नुसत्या चष्म्याने हे भरून निघणार नाही. हिच्या हार्मोनची तपासणी करून घ्या."

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. दोन्ही डोळ्यांच्या नसा तिच्या अगदी वर एकमेकींना भेटतात. आईच्या पोटात मेंदूचा हा मधला भाग घडताना काही बिघडलं, तर नस आणि ग्रंथी दोन्ही अपुऱ्या राहू शकतात. वाढीचं हार्मोन हीच ग्रंथी बनवते. त्याच्या हुकमाने यकृतात आयजीएफ-1 नावाचं द्रव्य तयार होतं. त्याने हाडं वाढतात, आणि डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पसरायलाही तेच लागतं. हे हार्मोन जन्मतः कमी असलेल्या काही मुलांच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांच्या फांद्या कमी आढळल्या आहेत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या पडद्याला होणाऱ्या आजारातही आयजीएफ-1च्या कमतरतेचा हात असतो.

एमआरआय झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या. वाढीचं हार्मोन कमी निघालं, कॉर्टिसॉलही कमी. रोज रात्री एक इंजेक्शन आणि दिवसाच्या गोळ्या सुरू करायचं ठरलं. खर्चाचा आकडा ऐकून मुलीचे अब्बा गप्प झाले. मी विचारलं, "याने डोळाही सुधारेल ना?" हार्मोनचे डॉक्टर थेट बोलले, "उंची वाढेल. नस मात्र नव्याने वाढणार नाही. तिरळेपणामुळे जी नजर आळसावली आहे, तेवढी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून थोडी जागवता येईल." त्या रात्री मी झोपले नाही. पण खोटी आशा लावली नाही, याबद्दल मी आजही त्यांना दुवा देते.

इंजेक्शन सुरू करण्याआधी पडदा पुन्हा तपासला. या औषधाने क्वचित डोक्यातला दाब वाढतो आणि नसेला सूज येते. म्हणून डोकेदुखी, उलटी किंवा धूसर दिसणं जाणवलं तर लगेच या, असं बजावलं होतं.

रमजान आला तेव्हा लेक हट्टाला पेटली. चुलतभाऊ पहिला रोजा ठेवणार, मग मी का नाही? अशा मुलांची साखर उपाशी राहिल्याने एकदम खाली येऊ शकते. दादीने तिला जवळ घेतलं. "बेटा, आजारी मोठ्या माणसालाही अल्लाहने सूट दिली आहे. तू तर अजून लहान आहेस. तू इफ्तारचं ताट मांड." तेव्हापासून घरातले खजूर तीच वाटते.

आता वर्ष झालं. उंची 8 सेंटिमीटर वाढली आहे. डावा डोळा फारसा बदललेला नाही. वर्गात ती फळ्यासमोर पहिल्या बाकावर बसते, उजव्या डोळ्याने वाचते आणि छान वाचते.

बहिणींनो, वाढदिवसाला मुलांची उंची मोजून लिहून ठेवा. वाढ मंदावली असेल आणि सोबत डोळा तिरळा असेल, बुबुळं थरथरत असतील किंवा बाळ नजर लावत नसेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना उंचीबद्दल सांगा आणि मुलांच्या डॉक्टरांना डोळ्याबद्दल. नजर उतरवायची तर उतरवा, पण तपासणीची तारीख चुकवू नका.