घोरणारी सून कोकणात निघाली

मैत्रिणींनो, गणपतीला कोकणात जायचं म्हटलं की आपल्या पिशव्यांची यादी ठरलेली असते. कापूर, धूप, जावांच्या मुलींना बांगड्या, सासूबाईंचं गुडघ्याचं तेल. ह्या वर्षी माझ्या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली. बुटाच्या खोक्याहून लहान असं एक यंत्र, त्याला सहा फुटी नळी आणि नाकावर बसवायचा मुखवटा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असतो ना, स्लीप ॲप्निया, त्यावरचं हे यंत्र. सीपॅप म्हणतात त्याला. उपचार सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते, आणि मी ते घेऊन निघाले होते गुहागर तालुक्यातल्या सासरच्या गावी. तिथे माजघरात आम्ही नऊ बायका एका ओळीत झोपतो!

तुम्ही म्हणाल, बायका कुठे घोरतात? घोरणं हे पुरुषांचं! अहो, माझंही हेच मत होतं. पण गेल्या वर्षी गौरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो, तर धाकटी नणंद म्हणाली, "रात्रभर दाभोळची फेरीबोट चालू होती, कोणी ऐकली का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण नंतर मागीलदारी भांडी घासताना डोळ्यांत पाणी आलं, ते कोणाला दिसलं नाही.

घोरण्यापेक्षा जिवाला खात होता तो थकवा. रात्री आठ तास पडून सकाळी डोकं जड. शाळेत दोन तास शिकवून घरी आले की वह्या तपासता तपासता मान कलायची. रक्त तपासून झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या. "घरचं, शाळेचं, दोन्ही करतेस ना, थकणारच," असं सगळे म्हणायचे. मग एका दुपारी शाळेतून येताना चालत्या स्कूटीवर डोळा लागला आणि गाडी कडेच्या चिखलात गेली. खरचटण्यावर निभावलं. त्या रात्री हे माझ्या उशाशी घड्याळ घेऊन जागे बसले. सकाळी म्हणाले, "तू नुसती घोरत नाहीस. मधेच गप्प होतेस, आणि श्वासच घेत नाहीस."

कोल्हापूरला एका रुग्णालयात एक रात्र झोपून तपासणी झाली. डोक्याला तारा, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. अशा थाटात झोप कसली येते, असं वाटलं होतं, पण आली. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला किंवा फार मंदावला की तो एक अडथळा धरतात. तासाला पाचच्या आत असतील तर काळजी नाही. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. माझे निघाले अठ्ठावीस! म्हणजे सहा तासांच्या झोपेत दीडशेच्या वर वेळा जीव गुदमरून जागा होत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी फार सोपं करून सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची वाट मुळात अरुंद असते, काहींची वजनाने किंवा थायरॉईडने होते. सरबताची कागदी नळी भिजल्यावर जोरात ओढली की चिकटते ना, तसा घसा मिटतो. यंत्र काही औषध सोडत नाही, ऑक्सिजनही नाही. खोलीतलीच हवा जरा दाबाने आत पाठवतं, म्हणजे वाट उघडी राहते. ही युक्ती सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन ह्यांनी काढली आणि १९८१ साली ती प्रसिद्ध झाली.

पहिले चार दिवस मी मुखवटा रात्री दोन वाजता काढून फेकत होते. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून संध्याकाळी मालिका बघताना अर्धा तास तो लावून बसायला लागले. पट्टे आवळण्यापेक्षा मुखवटा मापाचा असणं महत्त्वाचं, हेही कळलं; पहिला बदलून लहान घेतला. आधी महिनाभर यंत्र भाड्याने घेतलं, जमतंय असं दिसल्यावर विकत. आठव्या दिवशी सकाळी उठले तर डोकं हलकं, खिडकीबाहेर बुलबुल बोलत होता. किती वर्षांनी सकाळ चांगली वाटली!

असं हे यंत्र मांडीवर घेऊन आम्ही कराडहून निघालो. रस्ता कोयनेच्या काठाकाठाने पाटणकडे जातो. भाद्रपदात हे खोरं बघावं! भाताची खाचरं हिरवीगार, डोंगरावर ढग टेकलेले. हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाट लागतो आणि वळणावळणाला पाणी कोसळत असतं. घाट उतरला की पोफळी. शिवसागराचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून इकडे खाली सोडतात आणि जमिनीखालच्या वीजघरांत त्याची वीज होते. सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट. दरवर्षी मी मुलांना हे सांगते. ह्या वर्षी मात्र माझ्या मनात वेगळाच विचार: एवढ्या विजेतली चिमूटभर रात्रभर माझ्या वाट्याला येईल ना? कारण चिपळूण सोडून गुहागरकडे वळलं की पाऊस आणि वीज ह्यांचं सख्य नसतं.

घरी पोचलो. ओटीवर मखर, दारात तेरडा, माजघरात उकडीच्या पिठाचा वास. रात्री आरती-भजन आटोपलं, सतरंज्या अंथरल्या, आणि मी पिशवीतून यंत्र काढलं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नाकातोंडावर हे लावून गुदमरशील! वीज गेली तर काय?" मी दाखवलं, मुखवट्याला बारीक भोकं असतात, वीज गेली तरी हवा येते, आणि जाग येतेच. तेवढ्यात जाऊबाईंचा पाच वर्षांचा नातू ओरडला, "काकूआजीला सोंड आली!" माजघर हसून लोटपोट. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "सणाला सोंड शुभच हो! लाव तू बिनघोर." 'बिनघोर' ह्या शब्दावर पुन्हा हशा. पण खरं सांगू? ह्या हसण्याने डोळ्यांत पाणी आलं नाही.

अडचण वेगळीच निघाली. माजघरात विजेचं बटण एकच, आणि त्यावर मखराची रोषणाई. ह्यांनी घरून लांब वायरचा बोर्ड आणला होता म्हणून भागलं. कोकणातली हवा दमट, तेव्हा यंत्रातली पाण्याची टाकी बंद ठेवली, विजेचीही बचत. यंत्राचा आवाज हलक्या पंख्याएवढा. बाहेरच्या पावसात तोही ऐकू येईना.

रात्री दीडच्या सुमाराला वीज गेलीच. जाग आली, मुखवटा काढला. अशा वेळी काय करायचं हे विचारून ठेवलं होतं: कुशीवर वळायचं, पाठीशी उशी लावायची, डोकं जरा उंच. तशी पडले. आणि त्या अंधारात मला माझ्या शेजारच्या काकी ऐकू आल्या.

काकी म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. वय बासष्ट, अंगाने बारीक. घोरणं असं नाही, एक घरघर. मग ती थांबली. मी मनात आकडे मोजू लागले. दहा, पंधरा, वीस... बावीसला काकींनी दचकून श्वास ओढला, कूस बदलली, आणि पुन्हा घरघर. पुन्हा शांत. मी पहाटेपर्यंत मोजत राहिले. ह्याच काकी वाती वळताना बसल्या जागी डुलक्या घेतात. सकाळी डोकं दुखतं म्हणून सुंठ उगाळून लावतात. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू असून तो उतरत नाही. आणि घरात सगळे म्हणतात, वय झालं.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला तेव्हा आम्ही बायका हेदवीला दशभुजा गणपतीच्या दर्शनाला गेलो. येताना बामणघळीकडे वळलो. समुद्रकाठच्या काळ्या कातळात ही एक अरुंद चीर आहे. भरतीचं पाणी तिच्यात शिरतं, कोंडतं, क्षणभर काही दिसत नाही, आणि मग धाडकन उंच उसळतं. पावसाळ्यात कातळ निसरडा असतो, म्हणून लांबूनच पाहायचं. काकी माझा हात धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, "काकी, रात्री तुमच्या घशात असंच होतं. मी ऐकलंय. कोंडतं, आणि मग उसळतं."

काकी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रात्री कोणी गळा धरल्यासारखं होऊन जाग येते ती हीच का? मी कोणाला बोलले नाही. बाईमाणसाने डॉक्टरला काय सांगायचं, मी घोरते म्हणून?"

मैत्रिणींनो, हेच तर आहे! बायकांमध्ये हा आजार मोठ्या घोरण्यातून दिसेलच असं नाही. तो थकवा, सकाळची डोकेदुखी, मोडलेली झोप, चिडचिड अशा रूपाने येतो, आणि हे सगळं आपण संसाराच्या खाती टाकून मोकळ्या होतो. पाळी गेल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. अंगाने बारीक असलेल्यांनाही तो होतो. आणि उपचार केला नाही तर रक्तदाब आणि हृदय ह्यांना त्याचा त्रास होतो.

"लाजेची लाज मी काल सगळ्यांसमोर सोंड लावून घालवली," मी म्हटलं. "आता तुम्हाला वाट मोकळी आहे." काकी हसल्या. गौरी-गणपती पोचवल्यावर त्या चिपळूणला डॉक्टरांकडे जाऊन आल्या. झोपेच्या तपासणीसाठी दसऱ्यानंतर आमच्याकडे येणार आहेत. त्यांना कोल्हापूरला मी स्वतः नेणार आहे.

तुमच्यापैकी कोणी हे यंत्र घेऊन प्रवासाला निघणार असेल तर चार गोष्टी सांगते. निघण्यापूर्वी टाकीतलं पाणी ओतून टाका, नाहीतर ते यंत्रात शिरतं. लांब वायरचा बोर्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. विमानाने जाणार असाल तर यंत्र सामानात न टाकता हातात न्या. मुखवटा रोज सकाळी सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. चेहऱ्याचं तेल राहिलं तर तो नीट बसत नाही. ज्या घरी उतरणार तिथे इन्व्हर्टर आहे का, हे आधी विचारायला संकोच करू नका. आणि "चार दिवस नाही लावलं तर काय होतं" असं म्हणून ते घरी ठेवू नका. चष्मा घरी ठेवून कोणी गावाला जातं का?

यंदा दिवाळीला तुमच्याही घरी पाहुणे येतील, अंथरुणाला अंथरूण लागेल. रात्री पाणी प्यायला उठाल तेव्हा क्षणभर उभ्या राहा आणि कान द्या. कोण घोरतं ते सोडा. कोणाचा आवाज मधेच बंद पडतो, ते ऐका. पडला, तर मनात आकडे मोजा. आणि सकाळी चहाच्या वेळी चारचौघांत चेष्टा न करता त्या माणसाला बाजूला घेऊन सांगा.