द्राक्षाच्या पेटीतली बहीण

कॉस्प्ले म्हणजे चित्रकथा, अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) किंवा व्हिडिओ गेम यांतल्या एखाद्या पात्राचा वेश तयार करून तो अंगावर चढवणे आणि दिवसभर त्या पात्राच्या रुबाबात वावरणे. ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ या दोन इंग्रजी शब्दांना कात्री लावून नोबुयुकी ताकाहाशी या जपानी लेखकाने १९८३ मध्ये हा शब्द जुळवला. प्रकार मात्र शब्दाहून जुना आहे. न्यूयॉर्कला १९३९ मध्ये भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातले कपडे घालून हिंडले होते. कपडे डग्लसबाईंनी शिवले होते. नाव अ‍ॅकरमन यांचे अधिक झाले.

मराठीत यासाठी नवा शब्द पाडण्याचे कारण नाही. सोंग हा शब्द आहे. नाशिक आणि पालघर जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात होळीनंतर बोहाडा होतो. त्यात गणपती, सरस्वती, रावण, महिषासुर यांचे मुखवटे मशालींच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर नाचतात, आणि या नाचणाऱ्यांना सोंगेच म्हणतात. खुद्द नाशकात धुळवडीला वीर निघतात. देव्हाऱ्यातला वीराचा टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, घरच्या पोराला शंकराचा नाही तर कृष्णाचा वेश चढवून गोदावरीवर नेतात. गोदाकाठच्या गावांनाही ही चाल परकी नाही. त्यामुळे सायखेड्याच्या एका अकरावीतल्या मुलाने जपानी पात्राचे सोंग घेऊन मुंबईच्या चित्रकथा-अ‍ॅनिमे संमेलनाला जायचे ठरवले, तेव्हा त्याच्या आजीने ‘कोणाचं?’ एवढेच विचारले. मुलगा प्रस्तुत लेखकाचा भाचा होय. एकट्याला सोडायचे नाही असे घरात ठरल्यामुळे मामाची वर्णी लागली.

अशा संमेलनांपैकी एक जुने संमेलन म्हणजे जपानात टोकियोला भरणारे ‘कॉमिकेट’. २१ डिसेंबर १९७५ रोजी ते पहिल्यांदा भरले, तेव्हा स्वतःच्या चित्रकथा छापणारे ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसे जमली होती. भारतात कॉमिक कॉन २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटमध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी मुंबईत आले. त्यानंतर लहानमोठी संमेलने ठिकठिकाणी भरू लागली. त्यांपैकीच एकाचा हा वृत्तान्त. प्रस्तुत लेखकाच्या पिढीने अ‍ॅनिमे पाहिले ते त्याचे नाव न कळता: १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी लागणारे ‘जंगल बुक’ जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने काढले होते, हे मोगलीवर जीव टाकणाऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. युगो साको आणि राम मोहन यांचा अ‍ॅनिमेतला रामायणपट मात्र लेखकाने मुद्दाम मिळवून पाहिला. जपानी हाताने रंगवलेली पंचवटी नाशिकच्या माणसाला जरा जास्तच हिरवी वाटते, तरीही त्या पडद्यावरून नजर हटत नाही. त्यापुढच्या अ‍ॅनिमेतला आरडाओरडा आणि वाऱ्याशिवाय उडणारे केस लेखकाला सोसत नाहीत. हा पूर्वग्रह प्रवासभर टिकला.

भाच्याने निवडलेले पात्र ‘डीमन स्लेयर’मधला तांजिरो. कोयोहारू गोतोगे यांची ही चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात येत होती. अ‍ॅनिमे २०१९ पासूनचे. काळ तैशो राजवटीचा, म्हणजे १९१२ ते १९२६. राक्षसाने घरच्यांना मारलेले, वाचलेली बहीण नेझुको स्वतःच राक्षसीण झालेली, आणि ती उन्हात जळते म्हणून भाऊ तिला लाकडी पेटीत घालून पाठीवर वाहतो. आजीला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने पोराला शाबासकी दिली, भाच्याला नव्हे, तांजिरोला.

या सोंगाची ओळख दोन गोष्टींवर ठरते: पाठीवरची पेटी आणि हिरव्या-काळ्या चौकटींचा हाओरी, म्हणजे सैलसर जपानी अंगरखा. चौकटींच्या या नक्षीला जपानात इचिमात्सु म्हणतात, आणि या नावाने लेखकाचे कुतूहल पहिल्यांदाच जागे झाले. सानोगावा इचिमात्सु हा अठराव्या शतकातला काबुकी नट. १७४१ मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रंगमंचावर तो चौकटींची हाकामा (घोळदार विजार) नेसून आला, आणि शहरातल्या बायकांनी ती नक्षी उचलली. नटाचे नाव कापडाला चिकटले ते आजपर्यंत. नट बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, यांची साडी नेसण्याची ढब आणि केसांतली फुले पाहून घरोघरच्या बायका तशाच नटू लागल्या होत्या, त्याच जातीची ही गोष्ट. फरक एवढाच की आपल्याकडे नक्षीला नारायणराव राजहंस हे नाव पडले नाही.

तसे कापड गोदाकाठच्या बाजारात मिळाले नाही. तयार वेश ऑनलाइन मिळतो, पण त्याच्या किमतीत डिसेंबरात द्राक्षबागेची एक फवारणी होते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण या छंदाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल. मग आजीने हिरवे ब्लाउजपीस आणि काळे अस्तर कापून चौकोन केले, ते गोधडीसारखे एकमेकांना जोडले, आणि सवयीने आत जुन्या लुगड्याचा एक थर घालून सगळीकडून धावदोरा मारला. त्यामुळे तांजिरोचा हाओरी हा नावाने हाओरी आणि वजनाने गोधडी झाला. पेटी द्राक्षाच्या पेट्यांच्या पुठ्ठ्याची. वरून तपकिरी रंग, आतल्या बाजूला निर्यातीच्या मालाचा छापील मजकूर तसाच. तलवारीच्या आत ठिबकच्या नळीचा तुकडा होता. बहिणीच्या जागी पेटीत काय ठेवायचे हे कोणी ठरवले नव्हते. ते आजीने निघायच्या पहाटे परस्पर ठरवले.

पंचवटी एक्सप्रेसमध्ये कोणी काही विचारले नाही. निफाडच्या थंडीत गोधडी पांघरलेला मुलगा कोणाला वेगळा वाटत नाही.

मुंबईतल्या त्या संमेलनाच्या दारावर तीन रांगा असतात: तिकिटाची, अंगझडतीची आणि शस्त्रांची. तिसरीला ‘प्रॉप चेक’ म्हणतात. तलवार धातूची नाही, बंदुकीतून काही सुटत नाही, टोकाने डोळा फुटणार नाही, एवढे पाहून शस्त्राला रंगीत पट्टी बांधून देतात. भाच्याच्या तलवारीला पट्टी मिळाली. नंतर सुरक्षारक्षकाने पेटीवर बोट ठेवले.

“यात काय?”

“बहीण,” भाचा म्हणाला. सोंगात शिरलेल्या माणसाने हेच उत्तर द्यायला हवे. पण रक्षकाने अ‍ॅनिमे पाहिलेले नव्हते.

पेटी उघडली. आत फडक्यात बांधलेल्या बारा दशम्या, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, लोणचे, चार कांदे आणि गुळाचा खडा निघाला. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत असा फलक शेजारीच होता. रक्षक सांगोल्याचा निघाला. त्याने दशमीकडे पाहिले, मग फलकाकडे, आणि आवाज उतरवून म्हणाला, “काका, नियम हाय. टाकू नका मात्र. तिकडं भिंतीच्या कडंला बसा, खावा, मग या.”

दशमी हा प्रवासाचा पदार्थ आहे. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवल्यामुळे ती दोन-तीन दिवस मऊ राहते; गुळाच्या पाण्यातही भिजवतात. नाशिक जिल्ह्यात ती गव्हाची तशी बाजरीचीही होते. आजीच्या दशम्या बाजरीच्या होत्या, आणि त्या हाताला चिकटत नाहीत, चुरा पडत नाही, सोंग खराब होत नाही, हे त्या दिवशी भिंतीच्या कडेला सिद्ध झाले. तिथे आधीच सातआठ जण बसलेले होते. बहुतेक सोंगाडे अशा दिवशी उपाशी असतात, याची लेखकाला कल्पना नव्हती. चिलखत घातले की बाथरूमला जाण्यासाठी अर्धा तास आणि एक मदतनीस लागतो, म्हणून सकाळपासून पाणीही पीत नाहीत. रंग पुसला जाईल म्हणून तोंड उघडत नाहीत. डोंबिवलीहून आलेला एक तरुण दहा बोटांना राळेची लांब नखे चिकटवून बसला होता. त्याला साधा मोबाइल धरता येत नव्हता.

पहिली दशमी मागितली नारिंगी पोशाखातल्या, नारुतो या अ‍ॅनिमे-पात्राचे सोंग घेतलेल्या मुलाने. दुसरी न मागताच गेली. भाच्याने कांदा जमिनीवर ठेवून बुक्कीने फोडला, तेव्हा शेजारच्या निळ्या केसांच्या मुलीने मोबाइल बाहेर काढला, पण आधी “फोटो घेऊ का?” असे विचारले. हा या जगातला पहिला नियम. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये वेश म्हणजे संमती नव्हे, अशा अर्थाचे मोठे फलक लावले. तेव्हापासून विचारल्याशिवाय फोटो नाही आणि वेशाला हात नाही, हा शिष्टाचार ठिकठिकाणी पोचला. बोहाड्यातही पूजा झाल्यावर मुखवट्याला उगाच कोणी हात लावत नाही. तिथे कारण देवाचे असते, इथे माणसाचे. हात मात्र दोन्हीकडे आखडतो. निळ्या केसांच्या मुलीने फोटो काढला तो भाच्याचा नव्हे, फुटलेल्या कांद्याचा. तिने कांदा आजवर सुरीशिवाय उघडलेला पाहिला नव्हता.

नखेवाल्याचा प्रश्न राहिला होता. त्याला घास कसा द्यायचा यावर थोडी चर्चा झाली. शेवटी नारुतोने दशमीत चटणी घालून तिची गुंडाळी केली आणि नखांच्या दोन रांगांमध्ये अडकवली. तो ती खाताना जो दिसत होता, त्याहून भयंकर राक्षस पुढे दिवसभरात आत एकही दिसला नाही. “ही काय ब्राउन ब्रेड आहे का?” असे त्याने विचारले. बाजरी हा शब्द ऐकल्यावर त्याला आपल्या संगमनेरच्या आत्याची आठवण झाली आणि मग तो पुढचा पाव तास आत्याबद्दलच बोलत होता, नखांनी हातवारे करत.

बोलणे पुढे वेशांवर आले. कोणी ईव्हीए फोम हीट गनने वाकवलेला, कोणी योगा मॅट कापून खांदे केलेले, कोणी सनबोर्डवर रंग दिलेला. भाच्याची पेटी उलटी करून पाहिली गेली आणि आतला द्राक्षाचा छाप वाचून हशा झाला. मुलगा ओशाळला. पण हाओरीपाशी सगळे थांबले. चिलखतातल्या एका मुलीने विचारून कडेचा टाका पाहिला, मग कापड उलटे करून पाहिले.

“हाताने? सगळं?”

“आजीने.”

“किती दिवस?”

भाच्याला माहीत नव्हते. मामालाही नव्हते. त्या मुलीने, कुठल्याशा अंतराळ-योद्ध्याच्या पोशाखात गुडघ्यांवर बसून, एका चौकोनातले टाके मोजले आणि चौकोनांच्या संख्येने गुणले. आकडा हजारात गेला. तिने तो दोनदा सांगितला. नंतर तिने तिची आई टेलरिंग करते, पण तिला मशीनवरचेच जमते, असे सांगितले आणि शेवटची अर्धी दशमी घेतली. सांगोल्याचा रक्षक जेवणाच्या सुट्टीत फेरी मारून गेला. त्याच्यासाठी दोन दशम्या बाजूला काढल्या होत्या. त्याने एक घेतली.

आत जे पाहिले ते चार ओळींत सांगण्यासारखे आहे. दुकाने फार, गर्दी फार, आवाज त्याहून फार. बिल्ले, पोस्टर, चावीच्या साखळ्या यांना लागणारे पैसे पाहून लेखकाने खिशावर हात ठेवला तो काढला नाही. एका कोपऱ्यात तरुण चित्रकार स्वतःच्या चित्रकथा विकत बसले होते. त्या टेबलांपाशी गर्दी सर्वांत कमी होती आणि बोलणे सर्वांत चांगले.

दुपारी स्पर्धा होती. या स्पर्धांत साधारणपणे दोन गोष्टींना गुण असतात, वेशातली कारागिरी आणि मंचावरचे वावरणे. कारागिरीची अट कडक असते: नागोयात २००३ पासून भरणाऱ्या जागतिक कॉस्प्ले परिषदेतही वेश स्पर्धकाने स्वतः केलेला असावा लागतो. इथल्या अर्जातही ‘वेश कोणी तयार केला?’ असा रकाना होता. भाच्याने पेटीपुढे ‘मी’ लिहिले, तलवारीपुढे ‘मी’ लिहिले, आणि हाओरीपुढे ‘आजी’. टेबलावरच्या मुलाने अर्ज वाचला, हाओरीकडे पाहिले, आणि अवघडून म्हणाला की हे बसत नाही; ‘मी’ असे लिहिले असते तर कोणी विचारले नसते. भाच्याने पेन परत मागितले नाही. स्पर्धा दोघांनी प्रेक्षकांतून पाहिली. चिलखतवाली मुलगी मंचावर आली तेव्हा तिच्या खांद्याचा एक तुकडा सुटला आणि तिने तो लढाईत तुटल्यासारखा उचलून फेकला. टाळ्या पडल्या. तिला बक्षीस मिळाले की नाही ते कळले नाही, कारण परतीची गाडी धरायची होती.

परतीच्या प्रवासात कसाऱ्याच्या घाटापर्यंत मुलगा झोपला होता. इगतपुरीला थंडी सुरू झाली तेव्हा त्याने हाओरी काढून मामाच्या अंगावर टाकला. तो खरोखर उबदार होता; मुंबईत भाच्याने दिवसभर कसा सोसला असेल, हा प्रश्न तेव्हा पडला.

घरी आजीने विचारले ते दशम्या पुरल्या का. राक्षसांनीच खाल्ल्या, असे सांगितल्यावर तिला आनंद झाला. टाक्यांचा आकडा सांगितला तेव्हा तिने तो खोटा ठरवला. मोजणाऱ्या पोरीने दुहेरी टाके एकेरी धरले असणार, असे तिचे म्हणणे. धुळवडीला धाकट्या चुलतभावाला हाच वेश घालून वीरांत न्यावे, असे भाच्याने सुचवले. वीराला देवाचेच सोंग लागते, म्हणून आजीने नकार दिला. पेटीत पुढे कांद्याचे बी ठेवले गेले. हाओरी सायखेड्यात गोधडी म्हणून वापरात आहे.