उजवी बाही

इस्त्रीची वाफ लागली आणि वडिलांच्या खाकी शर्टातून डिझेलचा वास उठला. इतक्या धुण्यांनंतरही.

भिंतीवर लावायची गोधडी करायला घेतली आहे. खाली आईचं इरकल लुगडं, वर ठिगळांची मांडणी. बाकी सगळं ठरलं; अडलं ते या शर्टापाशी. खाकी वर लावायची की आत घालायची?

आजीनं आजोबांचं धोतर आत घातलं होतं. दोन लुगड्यांच्या मध्ये ते पसरून हातानं सारखं करत होती. इतकं मऊ कापड दिसणार नाही याचं मला वाईट वाटलं, मी तसं म्हटलं. सुई न थांबवता ती म्हणाली, “वर लावलं तर झिजंल.”

अलाबामातल्या गीज बेंडच्या मिसूरी पेटवे यांनी नेमकं उलट केलं. नवरा गेल्यावर १९४२ मध्ये त्यांनी त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, सगळे कपडे वर, उघड्यावर. त्या गावच्या गोधड्यांत उसवलेल्या खिशाच्या जागी न विटलेला गडद चौकोन दिसतो. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्या चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या. फोटोतले ते चौकोन मी फार वेळ पाहिले आहेत. तरी आजीचं वाक्य काही हटत नाही.

उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांना हा पेच बहुधा पडत नसावा. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले गुलाम. त्यांच्या गोधडीत, म्हणजे कवंदीत, ठिगळं आधी जोडून ठेवत नाहीत. कोपऱ्यातून धावदोरा सुरू करायचा, कडेकडेनं फिरत मध्याकडे यायचं आणि वाटेत एकेक तुकडा लावत जायचं. मी मात्र मधून बाहेर शिवते, म्हणजे झोळ कडेला सरकतो. त्यासाठी सगळं आधीच ठरवावं लागतं.

शर्ट उसवला तेव्हा दिसलं: उजवी बाही डावीपेक्षा कितीतरी फिकी. एसटी चालवताना खिडकीकडचा हात, वर्षानुवर्षं उन्हात. एका जाणकार बाईंनी दोन्ही बाह्या एकाच रंगात बुडवून घ्यायला सांगितलं. मला त्या सल्ल्याचा अजून राग येतो. ते ऊन वडिलांनी सोसलेलं आहे, ते मी कशी पुसू? पाठ आणि पुढचे भाग आत जातील, आजीसारखे. बाह्या वर, शेजारी शेजारी, फरक दिसेल अशा. खाकी जाड आहे, सुई अडते. तिथं टाके लांब आणि विरळ, पांढऱ्या दोऱ्याचे.

आजीची ती धोतराची गोधडी पुढे वडिलांकडेच गेली. मुक्कामाच्या गाडीवर असले की तीच न्यायचे. शेवटच्या गावात एसटी उभी करायची, कुणाच्या तरी घरून भाकरी-पिठलं यायचं, मग कंडक्टरकाका मागच्या लांब बाकावर आणि वडील बॉनेटशेजारी. इंजिन रात्री उशिरापर्यंत कोमट असतं, म्हणायचे. थंडीत तिथं झोपायला मला एकदा तरी न्या म्हणून मी हट्ट धरायची. ‘परीक्षा झाली की नेतो’ म्हणायचे, आणि सुट्टी लागली की उन्हाळा आलेला असायचा.