नायगावची गोधडी

मैत्रिणींनो, नायगाव म्हटलं की काहीजणींना वसईकडचं स्टेशन आठवेल. पण मी सांगतेय ते दादरचं नायगाव. दादरला पूर्वेकडे उतरायचं, आंबेडकर रस्ता ओलांडायचा की आलंच. जवळच हिंदमाताचा कापडबाजार. लग्नसराईत साड्यांसाठी तुमचीही तिथे एखादी फेरी झाली असेल!

१९२०च्या दशकात इथे बी.डी.डी.च्या ४२ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून लांबलचक पॅसेज. जवळच स्प्रिंग मिलचा भोंगा. घाटावरून, कोकणातून माणसं गिरणीत कामाला आली आणि त्यांच्या बायकांनी पेटीतून गोधडीही आणली. कुणी तिला वाकळ म्हणे.

या वस्तीने काळजी भरपूर पाहिली. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, पण किती घरांची चूल त्यात विझली! आता काळजी वेगळी आहे. चाळी पाडून उंच इमारती होताहेत. ५०० चौरस फुटांचं घर मिळणार याचा आनंद आहेच. पण बांधाबांध करताना आईच्या, सासूबाईंच्या साड्यांचं बोचकं हाती आलं की जीव गलबलतो. ठेवायचं कुठे? टाकायचं कसं?

माझं ऐका, त्यांची गोधडी शिवा.

अगदी उशीच्या अभ्र्याएवढीच घ्या. मऊ सुती साड्यांचे तीन-चार थर एकावर एक अंथरा. सुरकुत्या काढून मोठे टाके घालून टाचून घ्या. नवं कापड वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटतं आणि गोधडी चुरगळते. वरून आवडीचे तुकडे लावा: खणाचा चौकोन, जरीचा काठ, जुनी बटणं, यजमानांच्या कामावरच्या शर्टाचा खिसा. मग कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं. अंथरायची नसेल तर भिंतीवर लावा. टाका वाकडा गेला तर जाऊ दे, प्रदर्शनात थोडीच ठेवायचीय!

याने मन हलकं होतं ही नुसती आजीबाईंची समजूत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने ३९ जणांना पाऊण तास चित्रं, माती, चिकटकाम असं हवं ते करायला दिलं. सुमारे पाऊण लोकांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. कलेचा सराव असण्याची गरजही पडली नाही. आणि तिकडे चिली देशात १९७३नंतर लष्करी राजवटीत ज्यांची माणसं बेपत्ता झाली, त्या बायका एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवत. काहींनी तर हरवलेल्या माणसाचे कपडेच त्यात वापरले. तोंडाने बोलायची चोरी होती, ते सुईने सांगितलं.

‘एकत्र बसून’ हे शब्द मात्र विसरू नका. चाळीत दार उघडं असे. पॅसेजमध्ये चटई टाकली की शेजारीण आपसूक येई, आणि टाका घालता घालता मनातलं बाहेर पडे. नजर कापडावर असली की अवघड गोष्टही बोलता येते. नव्या इमारतीत दारं बंद राहणार. तेव्हा ही बैठक आता ठरवून भरवायला हवी. आठवड्यातला एक वार धरा, दुपारचा एक तास. दोघी-तिघी जमल्या तरी पुष्कळ.

एक मात्र सांगून ठेवते. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील, तर सुईवर विसंबू नका. सरळ डॉक्टरांकडे जा, त्यात लाज कसली?

बाकी तुम्ही नायगावात राहा की नाशकात, बोचकं प्रत्येकीच्या घरी असतंच. आज दुपारी ते खाली काढा, आणि शेजारणीलाही हाक मारा.