घरटी एक की चूलबंद?

मंडळी, येत्या महिन्या-दोन महिन्यांत तुमच्या घरी वाढदिवस, जावळ, पूजा असं काही घरगुती कार्य असेल, तर तांदूळ निवडायला बसण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या. आवतण द्यायला कोण गेलं होतं आणि दारात उभं राहून त्यानं नेमकं काय सांगितलं?

हसू नका. याच एका गोष्टीपायी आमची फजिती झाली होती.

1986 सालच्या वैशाखात आमच्या नव्या घराची घरभरणी होती. बांधकामानं हात आखडलेला. म्हणून ठरलं की मांडव नको, आचारी नको, घरच्या घरी चार माणसं जेवू घालायची. ही 'चार माणसं' म्हणजे किती, ते कुणी मोजलं नाही. मामंजी वरच्या आळीला सांगून आले, 'घरटी एक या.' चाळीस घरं. खालच्या आळीची तीस घरं धाकट्या भावजींकडे दिली. भावजी तेव्हा कॉलेजात, स्वभावानं मोकळे. त्यांनी दारोदार सांगितलं, 'उद्या चूल पेटवू नका.' म्हणजे चूलबंद आवतण! आणि घरी येऊन म्हणाले, 'सांगून आलो.'

आम्ही हिशेब केला. सत्तर घरची सत्तर, पाहुणे वीस, वर दहा. शंभराचा स्वयंपाक. माणूस आलं पावणेदोनशेच्या पुढं.

तिसरी पंगत बसली आणि भाताच्या पातेल्याचा तळ दिसायला लागला. मी आत्यांकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. डब्यातलं होतं नव्हतं ते बेसन काढलं, दोन चुलींवर पिठलं टाकलं, आणि मागच्या दारानं शेजारच्या चार घरी पोरगी पाठवली. त्या घरांतनं भाकरीच्या टोपल्या आल्या, कुणी ठेचा दिला, कुणी ताक. पंगत उठली नाही. उलट 'पिठलं झकास झालं' असं म्हणत लोक हात धुऊन गेले. अब्रू वाचली.

पण पहाटे चार वाजल्यापासून चपात्या लाटायला बसलेली, आमच्या रानात कामाला येणारी एक बाई होती. मांडीशी तिची पाच वर्षांची पोर. सगळं आवरून मी आत आले, तर ती पोरीला खांद्यावर टाकून निघालेली. पोर झोपून गेली होती. म्हटलं, 'अगं, जेवलीस का?' तर म्हणाली, 'घरी जाऊन खाते की वैनी, आता भूक मेली.' पातेली तर धुवायला पडलेली. मी तिला थांब तरी कशाच्या जोरावर म्हणणार? दुसऱ्या दिवशी लापशी करून घेऊन गेले. ती म्हणाली, 'काल मला रस्सा मिळाला की. मीठ बघायला तुम्हीच दिला होता तळहातावर.' ती चेष्टेनंच म्हणाली, पण मला तिथं बसवेना.

त्या दिवसापासून माझा हिशेब दारातल्या आवतणापासून सुरू होतो. 'घरटी एक' म्हटलं की मी दीड धरते, कारण आजोबा एकटे येत नाहीत, नातू बोटाला असतोच. चूलबंद असेल तर त्या घरातली माणसं मोजून घेते, आणि जनावरांजवळ थांबणारा एक गडी वजा करते. वजा म्हणजे पंगतीतून. त्याचं ताट झाकून घरी जातंच. खाटेवरच्या म्हातारीचं ताट, पाण्याच्या पाळीवर गेलेल्याचं ताट, अशी शंभर माणसांमागं दहा ताटं बाहेर जातात. ती कुणी धरत नाही आणि मग 'कुठं गेलं एवढं?' म्हणत बसतात.

दिवसही बघावा. गावच्या बाजाराचा दिवस असला की बापे कमी. सोमवार-गुरुवार असला, श्रावण असला, की उपासाची माणसं निघतात आणि ऐन वेळी साबुदाणा भिजवलेला नसतो. दुपारच्या जेवणापेक्षा रानातनं येऊन रात्री जेवणारं माणूस सव्वापट जेवतं. लहान दोन पोरं म्हणजे एक माणूस. पण तालमीतला एक पोरगा म्हणजे दोन माणसं, हेही विसरू नका.

आता धान्याचं. आत्यांचं माप होतं, दहा माणसांना शेरभर तांदूळ, चाळीस माणसांना पायली. आमच्या भाकरीच्या मुलखात भात हा सणासुदीचा, म्हणून लोक हौसेनं दोनदा घेत. आता भात रोजचा झाला. चपाती, रस्सा, भात, आमटी आणि एक गोड असा बेत असेल तर शंभर माणसांना मी सात किलो तांदूळ घेते. मसालेभात असेल तर आठ. आमटीला तीन किलो तूरडाळ. कणीक बारा किलो. किलोला बावीस चपात्या धरल्या तर माणशी अडीच पडतात. वांगी-बटाट्याच्या रश्शाला दोन्ही मिळून बारा किलो. लापशीला तीन किलो गव्हाचा रवा, तेवढाच गूळ, तूप पाऊण किलो. मठ्ठ्याला पाच लिटर दही पुरतं, तिप्पट होतं ते. आणि उन्हाळा असला तर मठ्ठा दीडपट करा नि आमटी कमी, कारण उन्हात माणूस पितं जास्त आणि खातं कमी.

मटणाचा बेत असला की मात्र हे सगळे आकडे गुंडाळून ठेवा. किलोमागं पाच माणसं धरा आणि वाढायला हात राखणारी बाई बसवा. पहिल्या पंगतीला फोडी आणि शेवटच्या पंगतीला नुसता रस्सा, ही तक्रार पाच वर्षं ऐकावी लागते.

भात एका पातेल्यात कधी टाकू नका. पाच किलोच्या वर गेलात की तळ करपतो आणि मधला दाणा टचटचीत राहतो. दोन घाणे करावेत. दुसरा घाणा पहिली पंगत बसल्यावर, माणसं डोळ्यांनी बघून टाकावा. तोवर तांदूळ धुऊन, आधण तापवून तयार ठेवायचं. न शिजवलेला तांदूळ उरला तर पोत्यात परत जातो. शिजवलेला उरला तर वैशाखात दुसऱ्या दिवशी वास मारतो. उरलेला भात झाकून मोठ्या पातेल्यात रात्रभर ठेवू नये. परातीत पसरून निववावा आणि त्याच संध्याकाळी वाटून टाकावा. चिंचेची आमटी आणि मठ्ठा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू नका, कळकतं. त्याचबरोबर दोन किलो बेसन, मिरच्या, लसूण हाताशी असू द्या. आमच्याकडे त्याला अजून 'घरभरणीचं बेसन' म्हणतात. तेव्हापासून एकदाच लागलं, पण ठेवते.

आणि सगळ्यात आधी, नैवेद्याचं ताट निघालं की लगेच, मी एक डबा भरते. भात, आमटी, भाजी, चपात्या, गोड, सगळं. चुलीपुढं जेवढ्या बाया आहेत तेवढ्यांचं. त्यावर झाकण लावून देवघरात ठेवते, कारण तिथं कुणी वाढप्या हात घालत नाही. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, 'लोक जेवायचे आहेत नि तू आधीच झाकून ठेवतेस?' म्हटलं, हीसुद्धा माणसंच आहेत, मोजून ठेवलीयत. आत्या तिथंच होत्या. त्यांनी उठून त्या डब्यात आणखी एक पळी तूप घातलं.

यंदा नातवाचा वाढदिवस झाला. मुलानं फोनवरच सगळ्यांना एकगठ्ठा लिहून टाकलं, 'सर्वांनी येणे.' विचारलं, 'अरे, घरटी एक की चूलबंद?' त्याला शब्दच ठाऊक नव्हता. मग दोघं बसलो आणि एकेका घराला फोन लावून विचारलं, 'तुम्ही किती जण याल?' कुणाला राग आला नाही. एक म्हातारबा तर म्हणाले, 'बरं केलंस विचारलंस, मी धरून सहा.' आले आठ.

कार्य उरकलं की मी रात्री झोपण्याआधी वहीत लिहिते. काय शिजवलं यापेक्षा काय उरलं ते. पुढच्या खेपेला तोच आकडा कामाला येतो. या वर्षीची नोंद अशी आहे: माणसं चौऱ्याण्णव. तांदूळ साडेसहा किलो, भात दोन ताटं उरला. चपात्या अकरा उरल्या. लापशी संपली. देवघरातला डबा सात जणींनी मिळून खाल्ला, वर लोणचं मागून घेतलं.