डॉक्टरांनी हात लावून बघितलं का?

"डॉक्टरांनी हातसुद्धा लावून बघितलं नाही." खंडाळा तालुक्यात ही तक्रार मी जितक्या वेळा ऐकली, तितकी दुसरी कुठलीच ऐकली नाही. औषध बाहेरून आणायला लावलं, रांग मोठी होती, संडास घाण होता, याही तक्रारी येतात. पण त्या सांगताना माणसाचा आवाज चढतो, ही सांगताना मात्र तो खाली येतो.

मी मूळची परिचारिका. आता सातारा-सांगलीकडच्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना रुग्णाशी कसं वागावं, कसं बोलावं, याचं प्रशिक्षण देते. निदान बरोबर होतं की नाही, गोळी योग्य होती की नाही, हे बहुतेक रुग्णांना तपासता येत नाही. पण आपल्याकडे मान वर करून बघितलं का, नाव विचारलं का, दुखतंय तिथे हात ठेवला का, हे प्रत्येकाला कळतं. जे कळतं त्यावरून माणूस न कळणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधतो. त्यात अडाणीपणा काही नाही. तुम्ही-आम्हीही तेच करतो.

सेवेचा दर्जा ग्राहक कसा जोखतो, याचं मोजमाप परशुरामन, झाईथामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी १९८८ साली मांडलं. आज जगभरच्या रुग्णालयांत ते वापरलं जातं. त्यात पाच गोष्टी बघतात: डोळ्यांना दिसणाऱ्या सोयी, शब्दाला जागणं, तत्परता, विश्वास वाटेल असं वागणं आणि आपुलकी. पाचांपैकी पहिलीच काय ती इमारत आणि यंत्रांतून येते. बाकीच्या चार माणसांच्या हातात आहेत. आपला पैसा आणि उद्घाटनं मात्र त्या पहिल्या गोष्टीपाशीच जास्त अडकतात.

खंडाळा महामार्गावरचा तालुका. खंबाटकी घाट, बोगद्यापुढचं वळण, रात्रंदिवस धावणारे कंटेनर. ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण तीस खाटांचं. तिथे गंभीर अपघाताचा रुग्ण आला की त्याला स्थिर करून साताऱ्याला किंवा पुण्याला पाठवणं हाच योग्य उपचार असतो. पण ड्युटीवरचा माणूस चिठ्ठी पुढे करून "इथं काही होणार नाही, पुढं न्या" एवढंच म्हणाला, तर नातेवाईक गावात जाऊन सांगतात, "आम्हाला झटकलं." प्रशिक्षणात मी हाच प्रसंग घेते आणि वाक्यं बदलायला लावते. "दादा, पोटात रक्तस्राव असावा अशी शंका आहे. त्याचं ऑपरेशन इथे होत नाही. सलाईन लावलंय, बीपी सावरलंय, साताऱ्याला फोन केलाय. १०८ मध्ये डॉक्टर सोबत आहेत, तुमच्यातल्या एकानं बसा." बोलायला अर्धं मिनिटही लागत नाही. उपचार तोच, चिठ्ठी तीच. पण आता नातेवाइकांना कळतं, की आपल्या माणसासाठी इथे काहीतरी केलं गेलं.

अविश्वासाची किंमत किती मोठी असते, हे महाराष्ट्रानं १८९७ साली भोगलं. पुण्यात प्लेग पसरला होता. प्लेग आवरायला नेमलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत सैनिक घराघरांत घुसून रुग्ण शोधत, माणसांना इस्पितळात आणि छावणीत नेत. साथ आवरण्याचा हेतू कितीही बरा म्हटला, तरी त्या वागण्याची दहशत अशी बसली की लोक आजारी माणूस लपवू लागले. आणि त्याच साथीत, याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, हडपसरजवळच्या दवाखान्यात रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथे पोचवलं. मुलगा वाचला. बाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेगवर हमखास औषध दोन्हीकडे नव्हतं. एकीकडे माणसं आजार लपवत होती, दुसरीकडे स्वतःचं लेकरू सोपवत होती. फरक होता तो वागणुकीचा.

पण म्हणून सिस्टरांना "हसतमुख राहा" असं व्याख्यान देऊन भागेल, असं कुणाला वाटत असेल तर ते मला मान्य नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला तिच्या वाट्याला प्रत्यक्षात किती येतात, ते कुठल्याही वॉर्डात जाऊन बघा. एका रुग्णालयात मी बघितलं, की राउंडला आलेल्या वरिष्ठांनी एका तरुण सिस्टरला सगळ्या वॉर्डासमोर चार्टवरून फैलावर घेतलं. राउंड पुढे सरकला. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी पाणी मागितलं, तर ती खेकसली, "थांबा जरा, दोनच हात आहेत मला." आजींनी दिवसभर पुन्हा काही मागितलं नाही. त्यांच्या मनात त्या रुग्णालयाचा दर्जा तिथेच ठरला. तक्रार गेली असती तर ती सिस्टरवर गेली असती. खरं उत्तर मात्र राउंडवरच्या त्या वरिष्ठांनी द्यायला हवं होतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली दाखवून दिलं, की कामासाठी चेहरा आणि भावना सांभाळणं हेसुद्धा श्रमच असतात. त्या श्रमांना आपल्या पगारपत्रकात रकाना नाही. कंत्राटी मुलीचा पगार महिनोन् महिने थकतो, वॉर्डातल्या मावशींना बसायला खुर्ची नसते, आणि त्यांच्याकडून आपण मायेची अपेक्षा करतो. आत जशी वागणूक मिळते, तशीच ती रुग्णापर्यंत पोचते. कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे आणि तो हवाच. पण कायदा हात उगारल्यावर येतो. हात उगारेपर्यंत गोष्ट जाऊ नये, ही ताकद वेळेवर नीट बोलण्यात आहे.

दुसरी बाजूही सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. तेव्हापासून "फुकट मिळतंय ना, मग थांबा की" असा सूर काही खिडक्यांवर ऐकू येतो. तो चुकीचा आहे. शिरवळ एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराची सकाळ ओपीडीच्या रांगेत गेली, की त्याची त्या दिवसाची हजेरी बुडते. त्यानं किंमत मोजलेलीच असते. रांग कमी करणं आपल्या हातात नसेल, तर निदान "तुमचा नंबर तासाभरानं येईल, तोवर बसा" हे सांगणं तरी आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. केसपेपरच्या खिडकीवर मान वर करून नाव विचारावं. तपासताना नाडीला, पोटाला, कपाळाला हात लागावा. पाळी बदलताना हँडओव्हर खाटेपाशी, रुग्णाला ऐकू येईल असा व्हावा. चूक दाखवायची तर ती बाजूच्या खोलीत दाखवावी. महिन्यातून एकदा डॉक्टर, सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय यांनी एकाच टेबलाभोवती बसून महिन्याच्या तक्रारी वाचाव्यात. यातल्या कशालाच नवी इमारत लागत नाही.

रिकाम्या जागा भरणं आणि पगार वेळेवर देणं मात्र शासनाचं काम आहे, आणि त्यासाठी गावानं रेटा लावला पाहिजे. त्याची जागा आहे रुग्ण कल्याण समिती. आपल्या रुग्णालयाच्या समितीत कोण आहे, बैठक शेवटची कधी झाली, हे विचारा. रंगकाम आणि कमानीवर चर्चा चालू असेल तर थांबवा आणि विचारा, "रात्रपाळीला सिस्टर किती आहेत?" या प्रश्नाचं उत्तर बदलेल, तेव्हा "हात लावून बघितलं नाही" ही तक्रारही कमी होईल.