ठाण्याला जाणं

भिवंडीत कुणी जरा वेगळं वागलं की लोक म्हणतात, "याला ठाण्याला न्या." ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तिथून बरी होऊन घरी आलेली माणसं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत, हा टोमणा मात्र राहिला.

अब्बांचे बारा माग भाईजान सांभाळत होते. नोटबंदीनंतरच्या मंदीत मजुरीचे दर परवडेनात. शेवटी भंगारवाल्याने माग किलोच्या भावाने उचलले. जन्मभर कारखान्याच्या खटखटीत झोपलेल्या माणसाला त्या शांततेत झोप येईना. जेवण तुटलं, जुम्याच्या नमाजाला जाणंही सुटलं. नजर लागली असं घरात ठरलं. तावीज झालं, दम केलेलं पाणी झालं. हे काय आहे ते मला कळत होतं, मी चार पुस्तकं वाचलेला माणूस. पण पुतणीचं लग्न ठरायचं होतं. 'ठाण्याला नेलं' ही बातमी मोहल्ल्यात फिरली असती, म्हणून आठ महिने मी गप्प बसलो. मग एका रात्री भाईजान म्हणाले, "मैं न रहूँ तो तुम लोगों का बोझ उतरे."

ज्या ठाण्याची मला लाज वाटत होती, त्याच ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली आयपीएच ही संस्था उभी केली. त्याआधी अनिल आणि सुनंदा अवचटांबरोबर पुण्याच्या 'मुक्तांगण'च्या उभारणीत ते होते. उपचार, शिकवणं, नाटकं, 'वेध'च्या परिषदा, भाषणं असा त्यांचा पसारा. मला त्यात सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची भाषा. डॉक्टरची चिठ्ठी वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशा मराठीत ते मनाबद्दल बोलतात. त्यांच्याही आधी मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि त्याची विचारपद्धती इथे अनेकांना शिकवली. एलिसने ती १९५५ च्या सुमारास मांडली. घटना माणसाला थेट पाडत नाही, मधे त्या घटनेबद्दलची समजूत असते, असं तिचं सार.

हे सगळं वाचलेलं असूनही मी आठ महिने थांबलो होतो. ते मला अजून टोचतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही कशेळीचा पूल ओलांडला. आधी मानसोपचारतज्ज्ञाची औषधं सुरू झाली आणि झोप आली. महिन्याभराने एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो. त्यांनी भाईजानना विचारलं, "माग विकले गेले, यावर तुम्ही स्वतःला काय सांगता?" भाईजान म्हणाले, "बापाची निशाणी सांभाळायलाच पाहिजे होती. नाही जमलं, म्हणजे मी नालायक." बाईंनी कागदावर 'सांभाळायलाच' लिहिलं आणि त्यातल्या 'च'भोवती गोल काढला. सांभाळायची इच्छा होती, ती बरोबरच होती, दुःखही होणारच. पण या 'च'मुळे दुःखाची शिक्षा झाली.

भाईजान धंद्यातला माणूस, सहज कसा मानेल! तीन बैठका ते बाईंशी सुताच्या भावासारखे घासाघीस करत होते. त्यांचं शिक्षण उर्दूत, माझं मराठीत. 'विवेकनिष्ठ' हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरेना. परतीच्या बसमध्ये मी उलथा करून सांगायचो, "भाईजान, 'चाहिए' ठीक है, 'होना ही चाहिए' में गड़बड़ है." तेव्हा कुठे ते हसले. अबू झैद अल-बल्खी नावाच्या हकीमाने दहाव्या शतकाच्या आसपास शरीराच्या आणि मनाच्या आजारांवर एकाच ग्रंथात लिहून ठेवलं. घरात औषधं ठेवतो तसे चांगले विचार आधीच तयार ठेवावेत, असं त्याचं म्हणणं. हे सांगितल्यावर भाईजान म्हणाले, "फिर हम को ठाणा क्यूँ आना पड़ा?" मला उत्तर देता आलं नाही. नाडकर्णी-फडक्यांनी मराठीत जे केलं, ते आमच्या गल्लीतल्या उर्दूत करणारं माणूस मला तरी भेटलेलं नाही.

पुतणीचं लग्न झालं. तिच्या सासरच्यांना आम्ही सगळं सांगितलं होतं. सासरे म्हणाले, त्यांच्या भावालाही गोळ्या चालू आहेत.

परवा कल्याण नाक्यावर एक ओळखीचा लूमवाला भेटला. त्याचेही माग गेले. इकडेतिकडे बघत त्याने डॉक्टरांचा नंबर मागितला. सरकारची टेलिमानस लाइन, १४४१६, फुकट आहे, तीही मी सांगितली. तो म्हणाला, "फोन पर क्या बोलूँ?" भाईजान बाजूलाच उभे होते. म्हणाले, "मंगलवार को चल मेरे साथ. मुझे वैसे भी जाना है."